पॉवरबॉलचे ‘येऊ घातलेले’ आकडे विकणारं अ‍ॅप: पैसे भरून घेतलं, तपासून पाहिलं

पॉवरबॉल या अमेरिकेतल्या लॉटरीच्या जुन्या सोडती चाळून पुढचे आकडे सुचवणारं एक अ‍ॅप सध्या न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसन-आयझलिन भागातल्या बऱ्याच देशी घरांत पोहोचलंय. नाव देत नाही. या प्रकारची अ‍ॅप्स पुष्कळ आहेत आणि आतून सगळी एकाच वळणाची. महिन्याची वर्गणी दहा डॉलर. तिकीट दोन डॉलरचं, म्हणजे पाच तिकिटांचे पैसे नुसत्या सल्ल्याला जातात.

माझ्या मैत्रिणीचे वडील, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो, निवृत्तीनंतर साताऱ्याहून मुलीकडे राहायला आलेत. महाराष्ट्र राज्य लॉटरीचं तिकीट ते तिकडे हौसेने घ्यायचे. दिवाळीचं मोठं तिकीट तर चुकवायचे नाहीत. पण तिकडे नंबर तिकिटावर छापलेलाच येतो. दुकानदाराच्या गठ्ठ्यातून हवा तो नंबर निवडता येतो, एवढंच आपल्या हातात. इथे पॉवरबॉलच्या चिठ्ठीवरचे गोल आपणच पेनाने काळे करायचे. १ ते ६९ मधले पाच पांढरे आकडे आणि १ ते २६ मधला एक लाल. आकडा आपण निवडायचा म्हटल्यावर ‘कुठला निवडू?’ हा प्रश्न आलाच, आणि ही अ‍ॅप्स नेमक्या त्या प्रश्नावर जगतात.

काका म्हणाले, “तू दिवसभर आकड्यांतच असतेस, बघून सांग गं, यात काही दम आहे का.” मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. गोळ्यांच्या वजनाचे आलेख बघणं, त्यात खरंच काही सरकतंय का ते ओळखणं, हाच माझा रोजचा उद्योग. म्हणून वर्गणी माझ्या फोनवर भरली आणि अ‍ॅप नीट बघायला घेतलं.

दिसायला देखणं आहे, हे आधी सांगते. निकाल वेळेवर येतात. सोमवार, बुधवार, शनिवार रात्री १०:५९ ची सोडत झाली की थोड्याच वेळात आकडे पडद्यावर. वर चार कप्पे: ‘हॉट’ (वारंवार आलेले आकडे), ‘कोल्ड’ (क्वचित आलेले), ‘ओव्हरड्यू’ (बरेच दिवस न आलेले) आणि ‘जोड्या’ (एकत्र आलेले). खाली ‘स्मार्ट पिक’ नावाचं मोठं हिरवं बटण. ते दाबलं की चार कप्प्यांतून गाळून पाच आकडे आणि एक लाल आकडा तयार मिळतो. अक्षरं मोठी आहेत, काकांना चष्म्याशिवाय वाचता येतात. बनवणाऱ्यांनी दिसण्यावर मेहनत घेतलीय, यात शंका नाही.

पहिल्याच दिवशी ‘कोल्ड’ कप्प्यात मला खटकलं ते असं. सर्वांत ‘थंड’ म्हणून दाखवलेले पांढरे आकडे जवळजवळ सगळे साठ किंवा त्यापुढचे: ६०, ६५, ६७, ६८. आणि लाल चेंडूच्या ‘ओव्हरड्यू’ यादीत वरच्या आकड्यांत होता २९. त्याच्यापुढे लाल पट्टी आणि वाक्य: कधीही येऊ शकतो.

२९ नंबरचा लाल चेंडू यंत्रात नाहीच. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये पॉवरबॉलचे नियम बदलले. त्याआधी पांढरे चेंडू ५९ होते, ते ६९ झाले. लाल चेंडू ३५ होते, ते २६ झाले. २०१० मध्ये, आणि तिथून २०१२ च्या जानेवारीपर्यंत, लाल चेंडू ३९ होते. या अ‍ॅपने २०१० पासूनच्या सगळ्या सोडती एकाच पिंपात ओतल्यात. त्यामुळे साठच्या पुढचे आकडे जन्मालाच उशिरा आले म्हणून ‘थंड’ ठरतात, आणि कायमचा काढून टाकलेला २९ ‘आता येणारच’ म्हणून वर चढतो. जो चेंडू यंत्रात नाही त्याची वाट बघायला हे अ‍ॅप महिन्याला दहा डॉलर घेतं. ग्राहकसेवेला स्क्रीनशॉटसकट लिहिलं. उत्तर आलं की आमचं अल्गोरिदम सर्व ऐतिहासिक माहितीचा विचार करतं. पुढच्या आठवड्यातही २९ तिथेच होता.

समजा ही चूक त्यांनी उद्या सुधारली, तर? मूळ कल्पनेत काही तथ्य आहे का, ते मग मी स्वतः तपासलं.

जुने निकाल मिळवायला पैसे लागत नाहीत. न्यूयॉर्क राज्य सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर पॉवरबॉलचे २०१० पासूनचे सगळे निकाल फुकट उतरवून घेता येतात. फाईल साधी आहे: एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात सहाही आकडे मध्ये मोकळी जागा सोडून सलग लिहिलेले, तिसऱ्यात पॉवर प्लेचा, म्हणजे जादा पैसे भरून बक्षीस वाढवायच्या पर्यायाचा, गुणक. आकड्यांचा रकाना एक्सेलमध्ये फोडून घ्यावा लागतो, शेवटचा आकडा लाल चेंडूचा. ७ ऑक्टोबर २०१५ च्या आधीच्या ओळी पुसल्या की हाताशी स्वच्छ माहिती राहते. ज्यांना आकड्यांत रस आहे त्यांनी हा उद्योग जरूर करावा, तासाभराचं काम आहे. या फुकट सेवेला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

आता हिशेब. हजार सोडतींत प्रत्येक पांढरा आकडा सरासरी साडेबहात्तर वेळा यायला हवा. पण निव्वळ योगायोगाने यात आठेक वेळांचा चढउतार होतो, म्हणजे ५६ ते ८९ या पट्ट्यातलं काहीही सर्वसाधारण समजायचं. आकडे ६९ असल्यामुळे त्यातले तीन-चार या पट्ट्याच्याही बाहेर जाणारच. एखादा नव्वदीत, एखादा पन्नाशीच्या आसपास. कोणी काही न करता, चेंडू अगदी समान असतानाही. अ‍ॅपमधले ‘हॉट’ आणि ‘कोल्ड’ हे दोन टोकांचे आकडे आहेत, आणि टोकं प्रत्येक यादीला असतात.

काकांना हे तोंडी पटेना. मग मी एक्सेलमधूनच हजार सोडती बनवल्या. खोट्या, संगणकाने यादृच्छिक काढलेल्या. त्यांचा ‘हॉट-कोल्ड’ तक्ता केला आणि खऱ्या सोडतींचा तसाच दुसरा. दोन्ही कागद छापून जेवणानंतर काकांपुढे ठेवले आणि विचारलं, यातला खरा कुठला? काकांनी दोन्ही बराच वेळ न्याहाळले, बोट फिरवत फिरवत वाचले. मग एका कागदावर बोट ठेवून म्हणाले, “हा खरा. बघ की, २३ आणि ३२ दोन्ही वर आहेत, उलटसुलट आकडे. असं उगाच होत नाही.” तो संगणकाचा कागद होता. काकांची नजर कमी पडली असं मी म्हणणार नाही. मलाही नुसतं बघून सांगता आलं नसतं, कोणालाच येणार नाही, कारण दोन्ही कागदांत फरकच नाही.

‘ओव्हरड्यू’चं तसंच. एक पांढरा आकडा सरासरी चौदाएक सोडतींनी परत येतो. पण कुठलाही एक आकडा सलग पन्नास सोडती न येण्याची शक्यता दोन टक्क्यांहून थोडी जास्त आहे. ६९ आकड्यांत मिळून याचा अर्थ असा की वर्षाच्या कुठल्याही दिवशी पाहिलंत तर एखाद-दुसरा आकडा पन्नास सोडती, म्हणजे चारेक महिने, गायब असलेला बहुधा सापडेल. अ‍ॅपला लाल पट्टी लावायला रोज कोणीतरी मिळतं. शिवाय हे अ‍ॅप अंतर दिवसांत मोजतं. सोमवारची सोडत २०२१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, त्याआधी आठवड्याला दोनच व्हायच्या. जुनी अंतरं दिवसांत मोठी दिसणारच.

आमच्या गोळ्यांच्या यंत्रात वजन हळूहळू एका बाजूला सरकायला लागलं की त्यामागे काहीतरी असतं: पंच झिजलेला असतो, किंवा हॉपरमधली भुकटी खाली गेलेली असते. आलेखावरचे आठ-नऊ ठिपके सलग सरासरीच्या एकाच बाजूला पडले की आम्ही यंत्र थांबवतो, कारण यंत्रात कालची झीज आज शिल्लक असते. सोडतीच्या यंत्रात असं शिल्लक काय राहतं? दर सोडतीला सगळेच्या सगळे चेंडू नव्याने आत जातात. फ्लोरिडात टॅलाहासीच्या स्टुडिओत सोडत होते. यंत्रं आणि चेंडूंचे संच एकाहून जास्त असतात, आणि त्यातलं कुठलं वापरायचं हे आयत्या वेळी ठरतं. गेल्या बुधवारी ४४ आला होता, हे शनिवारच्या चेंडूला कळवणारं तिथे काहीच नाही. अशी यंत्रं बनवणारी एक मोठी कंपनी आपल्याच न्यू जर्सीत, एजवॉटर पार्कला आहे, हे काकांना सांगितल्यावर त्यांना तिथे जाऊन यंत्र बघायची फार इच्छा झाली!

‘जोड्या’ कप्प्याबद्दल थोडक्यात सांगते. ६९ आकड्यांच्या २,३४६ जोड्या होतात. हजार सोडतींत एकेका जोडीच्या वाट्याला सरासरी चार खेपा येतात आणि त्यात एखादी जोडी बाराएक वेळाही येते. अ‍ॅप ती जोडी बदामाचं चिन्ह लावून दाखवतं.

खरा धूर्तपणा आहे तो ‘स्मार्ट पिक’च्या गाळण्यांत. शिकलेसवरलेले लोक इथेच फसतात म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. अ‍ॅप म्हणतं: पाच पांढऱ्या आकड्यांची बेरीज ७० टक्के सोडतींत १३० ते २२० च्या मध्ये येते, तेव्हा तुमच्या तिकिटाची बेरीजही त्याच पट्ट्यात ठेवा. पहिला अर्धा भाग अगदी खरा. मी पडताळून पाहिला, सरासरी बेरीज १७५ आणि सुमारे ७० टक्के त्या पट्ट्यात. पण ६९ मधून पाच आकडे निवडण्याचे एकूण १,१२,३८,५१३ प्रकार आहेत, आणि त्यातले ७० टक्के प्रकारच त्या पट्ट्यात पडतात. तुमचं एक तिकीट म्हणजे त्यातला एक प्रकार. पट्ट्याच्या आतल्या प्रकाराला जेवढी संधी, तेवढीच बाहेरच्या प्रकाराला. लाल चेंडू धरला तर ती संधी २९,२२,०१,३३८ मध्ये एक, मग बेरीज १७५ असो की १५.

दुसरी गाळणी लागोपाठचे आकडे टाळते. ४१-४२ असं काही असेल तर ‘कमकुवत तिकीट’ असा शेरा. प्रत्यक्षात चारातल्या एकीहून जास्त सोडतींत, नेमकं सांगायचं तर साडेसव्वीस टक्के, निदान एक लागोपाठची जोडी असतेच. हे त्यांच्याच माहितीतून कोणालाही मोजता येईल. त्यांनी मोजलं नाही, किंवा मोजून गप्प बसले.

इथपर्यंत कोणी म्हणेल, बरं, उपयोग नसेल, पण नुकसान तरी काय? कुठलेही आकडे सारखेच तर अ‍ॅपचे घेतले म्हणून काय बिघडलं? काकांनीही हेच विचारलं. उत्तर पॉवरबॉलपेक्षा आपल्या न्यू जर्सीच्या पिक-३ मध्ये जास्त स्पष्ट दिसतं, आणि अ‍ॅपमध्ये पिक-३ चाही कप्पा आहे.

पिक-३ मध्ये तीन अंकी आकडा लावायचा. इथे बक्षिसाची रक्कम आधी ठरलेली नसते. विक्रीतला बक्षिसांचा हिस्सा त्या दिवशी तो आकडा लावलेल्यांत वाटला जातो. लावणारे कमी तर वाटा मोठा. डेक टेरेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने न्यू जर्सीच्याच या खेळाचे निकाल आणि बक्षिसं तपासून १९९४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं ते असं: नुकताच येऊन गेलेला आकडा लोक टाळतात, ‘आता तो कशाला परत येतोय’ म्हणून. त्यामुळे तोच आकडा आठवड्याभरात पुन्हा लागला तर बक्षीस सरासरीहून मोठं मिळतं. जुन्या निकालांचा परिणाम आहे, अगदी मोजता येण्याइतका आहे, आणि तो आकडे लावणाऱ्या माणसांवर आहे. हे अ‍ॅप लोकांना त्याच गर्दीत ढकलतं. नुकताच आलेला आकडा ‘थकलेला’ म्हणून गाळतं, बरेच दिवस न आलेला पुढे करतं. आकडा लागलाच तर जास्त जणांत वाटायची व्यवस्था अ‍ॅप आधीच करून ठेवतं. म्हणजे पिक-३ मध्ये त्यांचा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, खिशाला उलटा बसणारा आहे.

पॉवरबॉलमध्येही जॅकपॉट वाटला जातो, तेव्हा गर्दी कुठे आहे याला महत्त्व आहे. ३० मार्च २००५ च्या सोडतीत दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस एकदम ११० जणांना लागलं. आधी घोटाळ्याचा संशय आला. मग कळलं की बहुतेक सगळ्यांनी फॉर्च्यून कुकीतल्या चिठ्ठीवरचे आकडे लावले होते: २२, २८, ३२, ३३, ३९. कुकी न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या कारखान्यातल्या. ८९ जणांना एक-एक लाख डॉलर मिळाले आणि पॉवर प्ले घेतलेल्या २१ जणांना पाच-पाच लाख. दुसरं बक्षीस ठरीव रकमेचं होतं म्हणून निभावलं. चिठ्ठीवरचा सहावा आकडा ४० होता, सोडतीत ४२ आला. तोही जुळला असता तर जॅकपॉटचे शंभराहून जास्त तुकडे झाले असते. ज्या अ‍ॅपच्या हिरव्या बटणातून हजारो लोकांना त्याच त्या गाळण्यांतून आकडे मिळतात, ते याच जातीचं काम करतंय.

काकांना मी एवढंच सांगितलं, घ्यायचंच तर ३१ च्या पुढचेही आकडे घ्या. लोक वाढदिवसांचे आकडे लावतात, त्यामुळे १ ते ३१ मध्ये गर्दी असते. यानेही जिंकायची संधी काडीने वाढत नाही. जिंकलात तर वाटेकरी कमी असायची शक्यता, इतकंच. नाहीतर दुकानात ‘क्विक पिक’ म्हणायचं, यंत्र फुकट आकडे काढून देतं.

सोडतींत खरा पॅटर्न कधीच सापडत नाही असंही नाही. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात २४ एप्रिल १९८० ला ६६६ लागला होता. ४ आणि ६ सोडून बाकीच्या चेंडूंत रंग टोचून त्यांना जड केलं होतं. सोडत सादर करणारा निवेदकच त्यात सामील निघाला. पण तो पॅटर्न आधी ठाऊक होता तो आत हात घातलेल्यांनाच, आणि ते पकडले गेले ते ४ आणि ६ च्या आकड्यांवर अचानक लागलेल्या पैशांमुळे. जुने निकाल तपासण्याचा प्रामाणिक उपयोग तिथे आहे: खेळ सरळ चाललाय ना, यावर लक्ष ठेवायला. मी २०१५ नंतरच्या सोडतींना काय-वर्ग चाचणी (आकडे योगायोगापेक्षा जास्त वरखाली आहेत का, ते मोजणारी) लावून पाहिली. एका सोडतीत तोच चेंडू दोनदा येत नाही, म्हणून उत्तराला ६८ भागिले ६४ ने गुणावं लागतं; ते विसरलं तर आकडे आहेत त्याहून जास्त सारखे वाटतात. चाचणीत वावगं काही निघालं नाही.

पैशांचंही सांगते, कारण काका पेन्शनीतून खेळतात. जॅकपॉट बाजूला ठेवला तर दोन डॉलरच्या तिकिटातून बाकीच्या सगळ्या बक्षिसांची मिळून सरासरी परतफेड होते ३२ सेंट. अ‍ॅप ज्याला ‘विन’ म्हणून फटाके उडवून दाखवतं ते बहुतेक चार डॉलरचं बक्षीस असतं, नुसता लाल चेंडू जुळला की मिळणारं. अ‍ॅपच्या जाहिरातीत ‘आमच्या सदस्यांनी जिंकलं’ अशी लांबलचक यादी आहे. सरासरी पंचवीस तिकिटांत एकाला काहीतरी लागतंच, सदस्य पुरेसे असले की यादी आपोआप भरते.

मला राग आहे तो याचा की ही अ‍ॅप्स वयस्कर माणसांना नेमकी गाठतात. मुलगी-जावई कामावर, गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ. हातात आयपॅड आणि त्यावर रोज बदलणारे तक्ते. काका वहीत आकडे उतरवतात, बेरजा मारतात, अभ्यास केल्यासारखं मनापासून करतात. माणसाच्या त्या मेहनतीला हे लोक दहा डॉलर महिन्याने खोटी आशा विकतात, तीही नीट न तपासलेल्या माहितीवर. करमणूक म्हणून विका, हरकत नाही. ‘विश्लेषण’ म्हणून विकू नका.

पाचपैकी एक तारा देते, निकाल वेळेवर दाखवतात म्हणून. ज्यांनी घेतलंय त्यांच्यासाठी: फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं तरी वर्गणी चालूच राहते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर जाऊन सबस्क्रिप्शन्समधून ती वेगळी बंद करावी लागते. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये तसंच. फुकट आठवड्याच्या आमिषाने घेतलं असेल तर मुदत संपायच्या निदान एक दिवस आधी बंद करा. आणि घरातल्या कोणाचं तिकिटांवरचं नियंत्रण सुटतंय असं वाटलं तर न्यू जर्सीत १-८००-गॅम्बलर ही मदतवाहिनी आहे, चोवीस तास चालते, फोन करायला पैसे पडत नाहीत.